शिवेपलीकडची कल्हई

आमच्या मराठीच्या सरांनी सांगितलं म्हणून मी हे लिहितो आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांना कामधंद्यातल्या अनुभवांवर तीन लेख हवे होते. एक निवृत्त स्टेशनमास्तर आणि एक निवृत्त फौजदार त्यांना मिळाले होते. तिसरा माणूस म्हणून सरांनी माझं नाव दिलं. मी म्हणालो, "सर, मी अजून सीनियर बी. ए.ला आहे. निवृत्त व्हायला आधी नोकरी लागावी लागते."

सर म्हणाले, "तू कल्हईच्या धंद्यात कधीपासून आहेस?"

"भाता ओढता यायला लागला तेव्हापासून."

"मग त्या फौजदारापेक्षा तुझी नोकरी जुनी आहे. लिही."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कुठली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कुठली फक्त आम्हालाच, ते मला नीट कळत नाही. काही जास्त समजावून सांगितलं तर वाचकांनी राग मानू नये.

पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, चिंच, आंबट वरण ठेवलं की ते कळकतं. हिरवट पडतं, तोंड कडू होतं, कधी पोटही बिघडतं. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात. हीच कल्हई. जमिनीत वीतभर खड्डा खणायचा, त्यात कोळसे घालायचे आणि बाजूनं भात्याची नळी सोडायची. भांडं आधी वाळूनं घासून घ्यायचं. हंडा किंवा परात मोठी असली तर आत गोणपाट टाकून त्यावर उभं राहायचं आणि कमरेतून डावी-उजवीकडे फिरायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं माणूस भांड्यात नाचतो आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नाचाला मुलं मिळत नव्हती तेव्हा मी गप्प बसलो होतो, पण सराव माझाच सगळ्यांत जास्त होता.

मग भांडं निखाऱ्यावर धरायचं. पुरेसं तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठतो, नाकात झोंबतो. त्याच वेळी कथलाची कांडी आत टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं भराभर फिरवायचं. भांडं कमी तापलं तर कथील धरत नाही, जास्त तापलं तर पिवळं पडतं. जमलं तर काळं भांडं डोळ्यांदेखत पांढरं होतं. हे मी हजारदा पाहिलं असेल, तरी अजून मला ते दर वेळी बघावंसं वाटतं. शेवटी भांडं पाण्यात बुडवायचं आणि पुढचं घ्यायचं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गावात एक म्हातारी होती, तिला एकच दात राहिला होता. भांडं हातात घेऊन ती तोंड उघडायची आणि आत बघायची. दात दिसला तर कल्हई पास, नाही दिसला तर परत. दोंडाईचा स्टेशनाबाहेरच्या एका हॉटेलवाल्यानं आम्हाला भांड्यांना बाहेरून कल्हई करायला सांगितलं. अब्बांनी समजावलं की अन्न आत असतं. तो म्हणाला, "गिऱ्हाईक बाहेर असतं." अब्बांनी ते काम घेतलं नाही. घरी येईपर्यंत मात्र ते आठवून आठवून हसत होते.

अब्बा म्हणजे माझे वडील. गावोगावी लोक त्यांना हसनभाऊ म्हणतात. आमचं घर अमळनेरला आणि आमची फेरी रेल्वेच्या कडेच्या गावांतून. वर्षात दोन हंगाम, एक श्रावणात कानबाईच्या आधी आणि दुसरा दिवाळीच्या आधी. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की कानबाई ही इथल्या घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. त्या वेळी जो स्वयंपाक होतो त्याला रोट म्हणतात. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. या सगळ्याचा कारभार घरातल्या बायकांच्या हाती. त्यात पुरुषांनी बोलायचं नसतं.

आता खड्ड्याविषयी. कल्हईवाल्याचा प्रत्येक गावात एक ठरलेला खड्डा असतो. काम संपलं की तो बुजवून वर एक खापरी ठेवायची. पुढच्या वेळी ती खापरी काढून तिथंच खणायचं. दुसरा कल्हईवाला त्या जागी खणत नाही. मी ज्या गावाची गोष्ट सांगणार आहे तिथं आमचा खड्डा मारुतीच्या पारापाशी, लिंबाच्या सावलीत होता. आजोबांनी खणलेला. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथली सगळी माणसं खुशाल आहेत आणि हा अंक तिथंही जातो.

फाळणी झाली तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गल्लीतली दोन घरं पाकिस्तानात गेली. त्यांच्या दारांना कुलपं लागली आणि त्या कुलपांचा जाब राहिलेल्यांना विचारला जाऊ लागला. दूरच्या एका शहरात माझ्या मामांची पिठाची गिरणी जाळली. त्यानंतर मामा पुन्हा कुठलाही धंदा करू शकले नाहीत. आमच्याकडे तसं काही झालं नाही. आमच्याकडे फक्त बोलणं बदललं. ज्यांनी अब्बांना लहानपणापासून पाहिलं होतं तेसुद्धा बोलता बोलता "तुम्ही लोक" म्हणू लागले. बाजारात कुणीतरी हटकून विचारायचं, "काय हसनभाऊ, कराचीले कव्हय जाई ऱ्हायना?"

अब्बा म्हणायचे, "जासू ना भाऊ. पन तुना हंडा काया पडना म्हनजे मंग कोनले बलावशी?"

आमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, काया म्हणजे काळा. विचारणारा हसायचा, अब्बाही हसायचे. मी मात्र हसत नव्हतो. मला वाटायचं, रोज हसून उत्तर देणं हेही एक काम आहे आणि त्याची मजुरी कुणी देत नाही.

मी कॉलेजात गेलो त्या वर्षी, म्हणजे फाळणीला तीन वर्षं होऊन गेल्यावर, आमच्या फेरीतल्या गावांत एक बातमी फिरली. मुसलमान कल्हईवाला कापसाचा बोळा गाईच्या चरबीत बुडवतो आणि त्या बोळ्यानं भांडी बाटवतो. कुणी सांगितली ते कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला विचारावं तो म्हणे, पलीकडच्या गावात ऐकली. पलीकडच्या गावात म्हणत, अलीकडच्या गावात ऐकली.

मला ती कॉलेजच्या बाकावर कळली. त्या गावच्या धुडकूनाना पाटलांचा मुलगा भास्कर माझ्याच वर्गात होता. रोज गाडीनं यायचा आणि माझ्या शेजारी बसायचा, कारण तर्कशास्त्राचं पुस्तक आम्हा दोघांत एकच होतं. एक दिवस तो पुस्तकाकडे बघत म्हणाला, "रशीद, गावात ठराव झाला आहे. या वर्षी कल्हईवाल्याला शिवेच्या आत बसू द्यायचं नाही."

"कोणी केला ठराव?"

"पारावर सगळे होते. नाना होते." मग तो म्हणाला, "मांडला मी."

मी पुस्तक मिटलं. तोच पुढे म्हणाला, "तुझ्याविरुद्ध काही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"कुठलं तत्त्व?"

"ते अजून नीट मांडायचं आहे."

मी पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. तास सुरू झाला. त्या दिवशी सरांनी काय शिकवलं ते मला आठवत नाही. भास्करलाही आठवत नाही, हे त्यानं नंतर सांगितलं.

घरी अब्बांना सांगितलं तेव्हा ते कथलाच्या कांड्या पुसत होते. पुसत राहिले. मी म्हणालो, "अब्बा, शिवेच्या बाहेर नाला आहे. तिथं बसू. काम तर होईल."

अब्बा म्हणाले, "काम कोठेबी व्हस. जागा एकच ऱ्हास. तुले जानं व्हई ते जाय."

ते गेले नाहीत. मी गेलो. माझ्याही मनात होतं की जाऊ नये. पण पंचमी जवळ आली होती आणि एक हंगाम गाव सोडलं की ते गाव कायमचं सुटतं, हे मला अब्बांनीच शिकवलं होतं. कॉलेज बुडवून मी भाता खांद्यावर घेतला आणि नाल्याच्या काठी, शिवेच्या दगडापलीकडे खड्डा खणला. पाऊस उघडला होता, पण वारा फार होता. वाऱ्यात कल्हई चांगली होत नाही. निखारे एका बाजूनं जास्त फुलतात.

पहिले काही तास कुणी आलं नाही. मग एक बाई धुण्याचं गाठोडं घेऊन आली. नाल्यात पाणी होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. तिनं गाठोडं सोडलं तर आत लुगड्यात गुंडाळलेली दोन पातेली होती. "रोटले लागतस," ती म्हणाली. "कोनले सांगू नको."

तिच्यामागून दुसरी आली, डोक्यावर गवताचा भारा. भाऱ्यात परात. तिसरीनं पाण्याच्या हंड्यात एकात एक घालून चार तांबे आणले होते. चौथीनं शेणाच्या पाटीत, वर गोवऱ्या रचून. जी ती मला म्हणे, कोनले सांगू नको. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच आलो आहोत. एकीची चाहूल लागली की दुसरी निवडुंगाच्या आड व्हायची. दुपारपर्यंत त्या निवडुंगाच्या आड तीन बायका होत्या आणि तिघी एकमेकींना सांगत होत्या की त्या शेळी शोधायला आल्या आहेत.

माझ्या खड्ड्याभोवती भांड्यांचा ढीग झाला. आपल्याकडे भांड्यावर मालकाचं नाव कोरतात. ती नावं वाचत मी काम करत होतो. पारावर बसून ज्यांनी ठराव केला होता, त्यांतलं बहुतेक सगळं मंडळ नावानं माझ्यासमोर पालथं पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भास्कर सायकलवरून आला. मला वाटतं तो बघायला आला होता की मी शिवेच्या आत तर सरकलो नाही ना. सायकल धरून तो उभा राहिला. माझ्या हातात एक मोठं पातेलं होतं, त्यावर त्याच्या वडिलांचं नाव होतं. त्यानं नाव वाचलं. मीही ते झाकलं नाही. 

"आईनं आणलं?" त्यानं विचारलं.

"मला कोणाला सांगायचं नाही."

त्यानं आत डोकावून पाहिलं. "डावीकडे जरा डाग राहिला आहे," तो म्हणाला आणि सायकलवर बसून निघून गेला.

वारा होता, काय करणार. डाग राहिलाच होता.

सगळंच असं हसण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या सकाळी मी गेलो तेव्हा खड्ड्यात कुणीतरी घाण टाकून ठेवली होती. मी दोन पावलांवर दुसरा खणला. घरी हे सांगितलं नाही. घरी अब्बा रोज संध्याकाळी एकच विचारायचे, "खड्डा कोठे खंदा?" मी म्हणायचो, नाल्यावर. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. अंगात ताप नव्हता, पण जेवण अर्धं झालं होतं. फेरीचा झोळा त्यांनी खुंटीवरून काढून ट्रंकेत ठेवला. अम्मी मला म्हणाली की या वेळी त्यांना त्या पारापाशी बसवलं नाही तर ते आता कुठल्याच गावाला जाणार नाहीत. मला तेव्हा कळलं की मी नाल्यावर बसून गिऱ्हाइकं टिकवत होतो, पण घरात अब्बांचा धंदा संपत होता.

त्याच दिवशी दुपारी सोनाक्का आली. ती भास्करची आजी, धुडकूनानांची आई. गावात सगळ्यांत वडील बाई. ती काही लपवून आली नाही. पातेलं काखेत, हातात कापसाचा पुंजका, आणि वाटेनं सरळ मधोमध चालत. निवडुंगाआडच्या बायका तिला बघून आणखी आत सरकल्या.

ती म्हणाली, "हाऊ मना खेतना कापूस. मना हातना बोया. आते कोनले काय बोलनं शे ते बोला." हे ती मला नाही, निवडुंगाला सांगत होती.

तिच्या कापसानं मी तिचं पातेलं केलं. ते बघून बाकीच्या पांगल्या आणि घरोघरून आपापला कापूस घेऊन परत आल्या. चरबीचा प्रश्न असा सुटला. ज्याचा त्याचा कापूस, ज्याचं त्याचं भांडं. माझ्याकडे इतका कापूस उरला की अम्मीनं त्या थंडीत त्याची उशी भरली.

सोनाक्का दगडावर बसून माझं काम बघत होती. मग म्हणाली, "तुना बाप काबर नही उना?"

मी म्हणालो, "त्या म्हनतस, मनी जागा गावमा शे. नालावर नही."

तिनं पातेलं काखेत घेतलं. उठताना फक्त म्हणाली, "खरं शे." आणि गेली.

मोठी भांडी अजून यायची होती. रोटाचे हंडे, पराती, घंगाळं. ती गाठोड्यात मावत नाहीत. म्हणून पुरुषांनीच तोड काढली. ठराव असा होता की कल्हईवाल्यानं आत यायचं नाही. भांड्यांनी बाहेर जायचं नाही असं त्यात म्हटलं नव्हतं. बैलगाडीत सगळ्या भाऊबंदांची मोठी भांडी भरून ती नाल्यावर आणायची असं ठरलं. ही पळवाट भास्करनं शोधली होती. तर्कशास्त्राचा त्याला एवढा उपयोग झाला.

मी खड्ड्यापाशी बसून गाडी येताना पाहिली. पुढे धुडकूनाना, बाजूला भास्कर, मागे पाच-सहा माणसं. भांड्यांचा आवाज गाडीच्या आधी येत होता. शिवेच्या दगडापाशी सोनाक्का उभी होती. तिनं हात आडवा केला. बैल थांबले.

"गाडी मांगे फिराव," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "काबर व माय?"

"रोटना भांडा शिवना बाहेर जातस नही."

 मी या गावात लहानपणापासून येत होतो. असा नियम मी कधी ऐकला नव्हता. नानांच्या तोंडावरून त्यांनीही ऐकला नसावा असं दिसलं.

भास्कर म्हणाला, "आजी, हाऊ नियम कोठे लिखेल शे?"

"कानबाईनं काय कागद लिखी देयेल शे का?"

"पन मांगला साले त नही व्हता."

"मांगला साले भांडा शिवबाहेर कोन लई गयथा?"

 परीक्षेत असा प्रश्न आला असता तर भास्करला आणि मला सोडवता आला नसता.

तेवढ्यात निवडुंगाच्या आडून पहिली बाई बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "मनी सासूबी हाईच सांगे."

"मनी मायबी," दुसरी म्हणाली.

तिसरीच्या आजेसासूनं तर हा नियम मोडून बघितला होता आणि त्या वर्षी तिची म्हैस आटली होती. एकामागून एक सगळ्यांना आठवत गेलं. त्यांतल्या बऱ्याच जणींनी रोटाची लहान भांडी लुगड्यात गुंडाळून शिवेबाहेर आणली होती आणि ती आत्ता माझ्या पाठीशी ढिगात होती. मी जरा सरकून बसलो, म्हणजे ती गाडीवरून दिसू नयेत.

कानबाईच्या गोष्टीत पुरुषांनी बोलायचं नसतं हे मी आधी सांगितलंच आहे. नानांनी बैलांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे बोट केलं. "बरं. मंग हाऊ पोऱ्याले आत बलावा."

"हाऊ पोऱ्या कसाले?" सोनाक्का म्हणाली. "खड्डा त्याना बापना शे. त्याले बलाव. तूच बलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुडकूनाना आमच्या घरी आले. अमळनेरात त्यांना बाजाराची कामं होती असं ते आधी म्हणाले. चहा घेतला. पावसाविषयी बोलले. मग कपाकडे बघत म्हणाले, "हसनभाऊ, रोटना भांडा पडेल शेतस. चाल."

अब्बांनी कप खाली ठेवला. विचारलं, "कोठे बसानं?"

"आठे-तठे कोठे बसशी? तुनी जागावर."

अब्बांनी ट्रंक उघडून झोळा काढला. ईदेची टोपी काढली. अम्मी म्हणाली, कल्हईला जाताना ही टोपी कशाला, काळी होईल. अब्बा म्हणाले, होऊ दे.

पारापाशी आमच्या जागेवर कुणीतरी बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. कोणी काढायच्या यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. भास्करनं पुढे होऊन त्या उचलल्या. एक काटा त्याच्या तळव्यात मोडला. तो त्यानं मलाच काढायला लावला. काढताना तो हळूच म्हणाला, "तत्त्व मांडायचं राहूनच गेलं."

"राहू दे," मी म्हणालो. "परीक्षेला नाही."

अब्बांनी चप्पल काढून पायाच्या अंगठ्यानं माती चाचपली. इकडे दाबली, तिकडे दाबली आणि एका जागी थांबले. खणलं तर खापरी निघाली.

मी भाता ओढला, अब्बांनी काम केलं. त्या दिवशी ते मुद्दाम सावकाश करत होते असा मला संशय आहे. वारा पारामुळे अडत होता. एकेक परात अशी निघत होती की बायका तीत कुंकू नीट करून घेत होत्या. मधेच नानांच्या घरचं ते पातेलं अब्बांच्या हाती आलं. त्यांनी ते उन्हाकडे धरलं आणि विचारलं, "हाई कोनं करं? आंधयानं?"

मी भात्याकडे बघत राहिलो.

"नालावरनं बठ्ठं काम आना," अब्बा म्हणाले. "मना नावनं असं काम गावमा ऱ्हावाले नको. परत करी देस."

म्हणजे नाल्यावरचं सगळंच काम ते पुन्हा करून देणार होते. आता आली पंचाईत. नाल्यावर काम झालंच नव्हतं, असं प्रत्येक घराचं म्हणणं होतं. पण अब्बांच्या हातची कल्हई फुकट परत मिळते आहे म्हटल्यावर कोण घरी बसणार? एक आली, मग दोघी आल्या, मग रांगच लागली. मारुतीच्या पारासमोर, सगळ्या पुरुषांदेखत, नाल्यावरून चोरून झालेली गावची भांडी एकावर एक रचली गेली. माणसं आपापली नावं वाचू लागली.

धुडकूनाना तो ढीग बघत राहिले. "म्हनजे बठ्ठा गावना भांडा नालावर जाई उनात," ते म्हणाले, "आनि आम्ही आठे पारवर बशी ठराव करतस."

पहिल्यांदा सोनाक्का हसली. मग कुणालाच थांबता येईना. अब्बा मात्र हसले नाहीत. ते भांडी मोजून-मापून डाग बघत होते आणि दर डागागणिक माझ्याकडे बघत होते.

रोट आम्हाला मिळाले नाहीत. बाहेरच्याला ते देतच नाहीत. सोनाक्कानं निघताना कोरडा शिधा बांधून दिला आणि म्हणाली, घरी रांधून खा. मला तेच बरं वाटलं. तिनं एक नियम तयार केला होता, दुसरा मोडला नाही.

तो नियम तिनंच तयार केला होता का, हे मी दोन वर्षांनी तिलाच विचारलं. भास्करही होता. आता आम्हा दोघांत पुस्तकं दोन आहेत, तरी बाक एकच आहे. मी विचारलं, "आक्का, हाऊ नियम खरा व्हता का?"

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ती चरबीनी गोट कोनं सांगी व्हती, हाई आजूनबी कोनले मालूम नही. तरी बठ्ठा गावनं मानी. हाई गोट निदान मी सांगेल शे."

अब्बा अजून फेरीवर जातात, पण सगळी गावं आता त्यांच्यानं होत नाहीत. सुट्टीत लांबची गावं मी करतो. अॅल्युमिनियमची भांडी आली आहेत. त्यांना कल्हई लागत नाही. बी. ए. झाल्यावर मला शाळेत नोकरी मिळाली तर आमचे खड्डे कोण उघडील, याचा मी विचार करतो आणि तो अर्धवट सोडून देतो. अब्बांना मी हे विचारलेलं नाही.

या श्रावणात मी दोंडाईच्याच्या पुढच्या एका गावी गेलो. तिथं आमचा खड्डा नाही, पूर्वी कधी गेलो नव्हतो. नवखं गाव आणि माझं नाव रशीद, म्हणून मी सावधपणानं शिवेबाहेरच भाता उतरवला. एक म्हातारे आबा शेतातून येत होते. म्हणाले, "आठे कसाले बठना? आत चाल. रोटना भांडा शिवबाहेर जातस नही."

मी विचारलं, "असा नियम आहे का, आबा?"

"वाडवडीलनी रीत शे," ते म्हणाले. "सात पिढ्या व्हई गयात."

मी बरं म्हणालो आणि त्यांच्यामागून आत गेलो. त्यांनी चावडीजवळ जागा दाखवली. त्यांची सून परात घेऊन आली. परातीत कापसाचा एक पुंजका ठेवलेला होता.

"हा कशाला?" मी विचारलं. "कापूस माझ्याकडे आहे."

"कापूस ज्याना त्याना देवा लागस," ती म्हणाली. "तीबी रीतच शे." तिच्या तोंडावर संशय नव्हता. कानबाईपुढे नारळ ठेवावा तसा तिनं तो पुंजका माझ्यापुढे ठेवला.

दोन्ही रिती मला ठाऊक होत्या. दोन्ही एकाच श्रावणात, एकाच नाल्यावर जन्मलेल्या. एक कशातून आली आणि दुसरी कशातून, हे तिला सांगावं असं क्षणभर वाटलं. मग मी कापूस हातात घेऊन पाहिला. लांब धाग्याचा, स्वच्छ होता. त्याचा बोळा वळून बाजूला ठेवला आणि खड्डा खणायला घेतला.